चेंडू कोणाच्या हातात द्यायचा?

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी संध्याकाळी, आरतीनंतर झालेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसे बोललो तसेच ठेवले आहे.)

कार्यकारिणीने मला ‘क्रिकेट आणि जीवन’ असा विषय दिला होता. मी नम्रपणे नाकारला. जीवनाबद्दल बोलायला उद्या बाहेरून पाहुणे येणार आहेत, त्यांचा विषय आजच संपवून टाकणं बरं नव्हे. मी बोलणार आहे ते आपल्या झिरकपूरच्या शनिवारच्या लीगबद्दल, आणि त्यातही फक्त गोलंदाजीबद्दल. प्रसादाला अजून पाऊण तास आहे असं स्वयंपाकघरातून कळलंय, तेवढ्यात आटोपतो.

लहानपणी आपण सगळेच पुस्तकातलं क्रिकेट खेळलोय. मागच्या बाकावर बसायचं, इतिहासाचं पुस्तक उघडायचं, डावीकडच्या पानाच्या आकड्यातला शेवटचा अंक बघायचा. दोन आले तर दोन धावा, चार तर चौकार, सहा तर षटकार. आठ आले की आमच्याकडे एक धाव धरायचे, तुमच्याकडे कदाचित नोबॉल असेल. आणि शून्य आलं की आऊट. डावीकडचं पान सम आकड्याचंच असतं, म्हणजे शून्य, दोन, चार, सहा, आठ एवढेच अंक. सरासरी दर पाचव्या चेंडूला गडी बाद. मी नाशिकला शाळेत असताना या पद्धतीने अख्ख्या कसोटी मालिका खेळलो, वह्या भरून धावफलक लिहिले. पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायला पुढची तीस वर्षं गेली. पुस्तकातल्या क्रिकेटमध्ये फलंदाज असतो, गोलंदाज नसतोच. समोरून कोण टाकतंय याचा त्या पानांना पत्ता नसतो. बेदी टाकू दे नाहीतर आमच्या वर्गाचा मॉनिटर, पाचात एक!

नंतर संगणक आले. १९९८ साली ‘इंटरनॅशनल क्रिकेट कॅप्टन’ नावाचा इंग्रजांचा खेळ निघाला. त्यात आपण बॅट फिरवायची नाही, चेंडूही टाकायचा नाही. संघ निवडायचा, क्रम लावायचा, क्षेत्ररचना करायची, कोणाला चेंडू द्यायचा ते ठरवायचं आणि मग हाताची घडी घालून काय होतं ते बघत बसायचं. माझ्या घरी याला ‘पैसे देऊन डोक्याला ताप’ म्हणायचे. पण मला हे फार आवडलं, कारण इथे पहिल्यांदा गोलंदाज होता.

आपल्या लीगचा जन्म मात्र एका दुःखद बातमीतून झाला. १७ जानेवारी २०२० ला बापू नाडकर्णी गेले. त्या शनिवारी आम्ही चार-पाच जण बलटाण्याला एका सभासदांच्या घरी जमलो होतो. बापू मूळचे आमच्या नाशिकचे, त्यामुळे मी जरा जास्तच बोलत होतो. १९६४ च्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी लागोपाठ २१ निर्धाव षटकं टाकली. सलग १३१ चेंडूंवर धाव नाही. त्या डावातलं त्यांचं पृथक्करण ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, शून्य बळी. नेटमध्ये टप्प्यावर नाणं ठेवून ते सराव करायचे असं सांगतात. मी हे सगळं अभिमानाने सांगत होतो, तेवढ्यात आपले आयटीवाले सभासद म्हणाले, ‘‘सगळं खरं, पण बळी शून्य ना? आणि सामना?’’ सामना अनिर्णित. त्या मालिकेतले पाचही सामने अनिर्णित! ‘‘मग उपयोग काय झाला?’’

त्या प्रश्नावर रात्री साडेबारापर्यंत वाद झाला. शेजारचे वीरजी आवाज ऐकून काठी घेऊन आले. त्यांना वाटलं भांडण लागलंय. विषय कळल्यावर तेही बसले आणि त्यांनी हरभजनची बाजू लावून धरली. हरभजनचा त्यात काहीही संबंध नव्हता.

वाद मिटवायला म्हणून आयटीवाल्यांनी एक्सेलमध्ये तक्ता बांधला. तो बांधताना एक आकडेवारी समोर आली, ती मी तुम्हाला मुद्दाम सांगतो. नाडकर्णींचे कसोटीत ८८ बळी, सरासरी २९.०७. चंद्रशेखर यांचे २४२ बळी, सरासरी २९.७४. म्हणजे एक बळी घ्यायला दोघेही साधारण एकोणतीस-तीस धावा मोजतात. कागदावर दोघे सख्खे भाऊ. पण आत बघा. नाडकर्णी षटकाला १.६७ धावा देतात आणि एक बळी घ्यायला १०४ चेंडू लावतात. चंद्रशेखर २.७० धावा देतात, पण दर ६६ चेंडूंना एक गडी काढतात. सरासरी एकच, माणसं किती वेगळी! एक बिऱ्हाड जपून चालवणारा, दुसरा धंद्यात उडी घेणारा. आता कप्तान म्हणून तुम्ही सांगा, चेंडू कोणाला? याचं उत्तर गोलंदाजाकडे नसतंच, ते सामन्याकडे असतं. तुमच्याकडे चारशे धावा आहेत आणि चार तास उरलेत, तर चंद्रा. समोरच्याला पन्नास धावा हव्यात आणि तुम्हाला सूर्य मावळेपर्यंत तग धरायचाय, तर बापू. गोलंदाज ‘चांगला’ की ‘वाईट’ हा प्रश्नच अर्धवट आहे. आमच्या लीगमधल्या निम्म्या कप्तानांना हे अजून पटलेलं नाही. ते लिलावात सरासरी बघून गोलंदाज घेतात आणि मग वर्षभर नशिबाला दोष देतात.

तर आमचा तक्ता असा. प्रत्येक गोलंदाजाला मुख्य दोन आकडे, षटकाला धावा आणि बळीला चेंडू. जुन्या काळात धावा सावकाश निघायच्या, त्यामुळे जुन्या लोकांच्या आकड्यांना काळाप्रमाणे थोडा गुणाकार. मग खेळपट्टी. मग क्षेत्ररचना, तीनच प्रकारची, चढाईची, मधली आणि राखणीची. चढाईत गडी लवकर पडतो पण चौकारही जातात. फलंदाज नवा असेल तर पहिले पंधरा चेंडू त्याची बाद होण्याची शक्यता दीडपट. आणि शेवटी दमणूक. या दमणुकीच्या रकान्याबद्दल मला पुढे बोलायचं आहे, तो लक्षात ठेवा. हे सगळं मिसळून संगणक फासा टाकतो. फासा आहेच, तो नाकारून चालत नाही, पण पुस्तकातल्यासारखा पाचात एक नाही. तुम्ही शहाणपणाने वागलात तर फासा थोडा तुमच्या बाजूला कलतो. थोडाच.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं आणि आम्हाला वेळच वेळ मिळाला. आठ संघ झाले. फोनवरून सामने चालायचे. पहिल्या फेरीतच तक्त्यातली मोठी चूक आपल्या गलाईवाल्या आबांनी काढली. आबा खानापूर तालुक्यातले, सोनं गाळायच्या धंद्यात उभी हयात पंजाबात गेली, संगणकाला त्यांनी अजून हात लावलेला नाही. मुलगी वाचून दाखवते, आबा निर्णय देतात. आबा म्हणाले, ‘‘हे तुमचं यंत्र एकावेळी एकच माणूस टाकतोय असं धरतंय. दुसऱ्या टोकाचं काय?’’

बरोबर होतं. तक्ता प्रत्येक षटक सुटं मोजत होता. एका टोकाने बापूंनी सहा षटकं धाव दिली नाही, तर दुसऱ्या टोकाला फलंदाज काहीतरी करायला जाणारच, आणि तिथे गडी पडणारच. तो बळी लिहिला जातो दुसऱ्याच्या नावावर. मग आयटीवाल्यांनी ‘दाब’ नावाचा रकाना घातला. लागोपाठ धावा निघाल्या नाहीत की दाब वाढतो आणि दोन्ही टोकांची बळीची शक्यता वाढते. हा रकाना आल्यावर आमच्या लीगमध्ये नाडकर्णींचा लिलावातला भाव तिप्पट झाला! ‘उपयोग काय’ या प्रश्नाचं उत्तर आबांनी असं दिलं.

जोडीचं याहून नामी उदाहरण ओव्हलचं. ऑगस्ट १९७१. इंग्लंड ३५५, आपण २८४, म्हणजे ७१ धावांनी मागे. दुसऱ्या डावात इंग्लंडला १०१ मध्ये गुंडाळलं आणि आपण चार गडी राखून जिंकलो. चंद्रशेखर ३८ धावांत ६ बळी, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्या डावाचं पूर्ण पृथक्करण कोणी बघत नाही. चंद्राने १८.१ षटकं टाकली आणि दुसऱ्या टोकाने वेंकटराघवनने २०, ४४ धावा, २ बळी. आणि बेदीने? एक षटक. फक्त एक! बिशनसिंग बेदी हाताशी असताना वाडेकरांनी त्यांना अख्ख्या डावात एकच षटक दिलं, त्यातही त्यांनी एक गडी काढला. आणि तरीही पुढे दिलं नाही. आमच्या लीगमध्ये कोणी असं केलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. पण जोडी जमली होती आणि वाडेकरांनी ती मोडली नाही. जवळ सोलकर उभा होता, ज्याने २७ कसोटींत ५३ झेल घेतले. चांगला गोलंदाज बाजूला ठेवणं हा सुद्धा गोलंदाजीतला बदलच आहे, न केलेला बदल.

त्याच डावातली ‘मिल रीफ’ची गोष्ट जुन्या मंडळींना माहीत असेल. मिल रीफ हा त्या वेळचा गाजलेला शर्यतीचा घोडा. जॉन एड्रिच खेळायला आल्यावर आपल्या मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी चंद्राला मिल रीफ टाक म्हणून सुचवलं, म्हणजे तो वेगाने आत घुसणारा चेंडू. एड्रिचचा त्रिफळा, शून्यावर. पुढच्याच चेंडूवर फ्लेचर सोलकरच्या हाती झेल, तोही शून्यावर. आमच्या तक्त्यात सरदेसाईंसाठी रकाना नाही. मी दोनदा सुचवलं. आयटीवाले म्हणतात, क्षेत्ररक्षकाच्या सल्ल्याचा आकडा कुठून आणू?

आता पन्नास षटकांच्या सामन्याकडे येतो. इथे एका माणसाला दहाच षटकं, त्यामुळे आबांचं जोडीचं शास्त्र अर्धंच चालतं. इथे आमच्या लीगची विजेती आहे ती आपल्या महाप्रसादाच्या काकू. समोर बसल्या आहेत, त्यांना टाळ्या नकोत म्हणून त्यांनी आधीच डोळे वटारले आहेत. काकूंना गुगली आणि दूसरा यांतला फरक विचाराल तर त्या सांगणार नाहीत. त्या लीगमध्ये आल्या त्या काकांना डेंग्यू झाला तेव्हा, बदली कप्तान म्हणून. काका बरे झाले, पण कप्तानपद परत मिळालं नाही.

काकूंची पद्धत मी शेवटी वही मागून घेऊन बघितली. त्या षटकं शेवटून भरतात. आपण सगळे पहिल्या षटकापासून सुरू करतो, चाळिसाव्याला पोचेपर्यंत चांगल्या गोलंदाजांची षटकं संपलेली असतात, मग पाचव्या गोलंदाजाच्या हातात चेंडू आणि कपाळाला हात. काकू आधी एक्केचाळीस ते पन्नास लिहितात. लागोपाठ दोन षटकं एकाला टाकता येत नाहीत, म्हणजे शेवटच्या दहांत दोन चांगल्यांची पाच-पाच. ही पेटीत बंद. मग नव्या चेंडूवर त्याच दोघांची तीन-तीन. उरली दोघांची मिळून चार षटकं. ती काकू कुठेच लिहीत नाहीत. वहीत त्यांच्यासमोर शब्द आहे ‘पाहुणा’. म्हणजे मधेच गडी पडला, नवा फलंदाज आला, की त्याचे पहिले पंधरा चेंडू चालू असतानाच चांगला गोलंदाज आणायचा. बाकी तिघांची तीस षटकं उरलेल्या जागेत. मी विचारलं, हे कुठे शिकलात? त्या म्हणाल्या, ‘‘दोनशे पानांचा स्वयंपाक असला की शेवटच्या पंगतीचं आधी बाजूला काढते. पहिल्या पंगतीला काय, सगळंच गरम असतं. आणि आयत्या वेळच्या पाहुण्याचं वेगळं झाकून ठेवते.’’

काकूंची ‘पाहुणा’ षटकं काय करू शकतात याचा सर्वात मोठा पुरावा आपल्यापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. मोहालीचं मैदान, १४ मार्च १९९६, विश्वचषकाचा उपांत्य सामना. ऑस्ट्रेलिया आधी ४ बाद १५, मग कसेबसे २०७. वेस्ट इंडिज २ बाद १६५. चंदरपॉल जमलेला, कप्तान रिचर्डसन जमलेला. सामना संपलेला. आणि चंदरपॉल ८० वर मॅकग्राला विकेट देऊन गेला. एक जमलेला फलंदाज गेला की दार उघडतं, आत नवखा येतो. मार्क टेलरने मॅकग्रा आणि वॉर्न यांची षटकं राखून ठेवली होती. हार्पर आला, गेला. गिब्सन आला, गेला. वेस्ट इंडिजचे शेवटचे आठ गडी ३७ धावांत! वॉर्न ३६ धावांत ४ बळी. शेवटच्या षटकात दहा हव्या होत्या, फ्लेमिंगच्या पहिल्या चेंडूवर रिचर्डसनने चौकार मारला, दुसऱ्यावर अँब्रोज धावबाद, तिसऱ्यावर वॉल्शचा त्रिफळा. रिचर्डसन ४९ वर नाबाद, दुसऱ्या टोकाला उभा. ऑस्ट्रेलिया पाच धावांनी विजयी. इथल्या जुन्या लोकांना ती रात्र अजून आठवते. वीरजींच्या म्हणण्याप्रमाणे ते तेव्हा मैदानात होते, आणि २ बाद १६५ ला गर्दी टाळायला म्हणून घरी निघाले. आम्ही त्यांना यावरून फार छळतो.

वीरजींची भरपाई झाली ती ३० मार्च २०११ ला, त्याच मैदानात. भारत-पाकिस्तान, पुन्हा विश्वचषकाचा उपांत्य सामना. या वेळी मी सुद्धा झिरकपूरला होतो, तिकीट मात्र मिळालं नव्हतं. त्या दिवशी फ्लायओव्हरखालची वाहतूक सुद्धा शांत होती, यावरून काय ते समजा. आपले २६०, त्यात सचिनच्या ८५, त्याचे झेल सुटता सुटता. पाकिस्तान २३१. आणि गोलंदाजी बघा. श्रीरामपूरचा आपला झहीर २ बळी, नेहरा २, मुनाफ २, हरभजन २, युवराज २. पाच जण, प्रत्येकी दोन. माझ्या मते हा एकदिवसीय गोलंदाजीचा आदर्श तक्ता आहे. एकही नायक नाही. आयटीवाल्यांनी तो छापून भिंतीवर लावला आहे.

यात अजून एक गंमत आहे. धोनीने त्या दिवशी फिरकीपटू अश्विनला बाहेर ठेवून नेहराला घेतलं. सामन्यानंतर त्याने स्वतःच सांगितलं की खेळपट्टी ओळखण्यात चूक झाली. आणि चुकून घेतलेल्या त्या नेहराने दहा षटकांत ३३ धावा देऊन दोन गडी काढले, पाचांत सर्वात कमी धावा त्याच्याच! म्हणजे निर्णय चुकला आणि निकाल बरोबर आला. आमच्या लीगमध्ये दर शनिवारी याच्या उलटं होतं, आणि तेव्हा सगळे फाशाला शिव्या देतात. मी सांगतो, निकालावरून निर्णयाची परीक्षा करू नका. पण हे सांगणारा मी स्वतः परवा हरल्यावर माऊस आपटला होता, हेही घरून तुम्हाला कळेलच.

आता दमणुकीचा रकाना.

आमच्या तक्त्यात सलग सहा षटकांनंतर गोलंदाज दर षटकाला थोडा थोडा दमतो. धावा वाढतात, बळीची शक्यता घटते. विश्रांती दिली की परत भरून येतो. सुरुवातीला हा रकाना कप्तानाला दिसायचा, रंग बदलायचा, हिरवा, पिवळा, लाल. मी बैठकीत हट्ट धरून तो लपवायला लावला. माझं म्हणणं असं होतं की खऱ्या मैदानात गोलंदाजाच्या डोक्यावर दिवा लागत नाही. कप्तानाने ओळखावं. सगळ्यांना पटलं. तो दोष माझा, हे आधीच सांगतो.

२०२१ च्या हिवाळ्यात अंतिम सामना, चार दिवसांच्या पद्धतीचा. माझ्याकडे पद्माकर शिवलकर होते. लिलावात सगळी पुंजी ओतून घेतले होते. १२४ प्रथमश्रेणी सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९ आणि कसोटी एकही नाही. या माणसाने १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर तामिळनाडूचे १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ गडी काढले. मुंबईचे स्वतःचे १५१ आणि ११३, म्हणजे खेळपट्टी कशी असेल बघा. तामिळनाडू ८० आणि ६१. मी लहानपणी डावखुरी फिरकी टाकायचो ती यांच्या गोष्टी ऐकून. तर शेवटच्या डावात आबांच्या संघाला २४० हव्या होत्या. मी शिवलकरांना एका टोकाला लावलं. पहिल्या दहा षटकांत तीन गडी. मी म्हटलं, आता काढायचं नाही. अकरावं, पंधरावं, विसावं. गडी पडेना, पण मला वाटायचं पुढच्या षटकात पडेल. काढून घेतलं आणि नेमका तिकडे मार बसला तर? चौतीस षटकं सलग टाकून घेतली मी. शेवटच्या चौदात त्यांना दुपटीने धावा गेल्या. आबा दोन गडी राखून जिंकले. सामना संपल्यावर रकाना उघडला तर तो बाराव्या षटकापासून लाल होता.

हे झालं शनिवारी रात्री. आता पुढचं सांगायला मी परवानगी घेतली आहे, आणि ज्याची घेतली तो मागच्या रांगेत बसला आहे.

मी डेराबस्सीकडे एका औषधाच्या कारखान्यात पाळ्यांचं नियोजन बघतो. आमच्या पॅकिंगला जळगावकडचा एक मुलगा होता. त्याच्या हाताखाली मशीन अडायचं नाही. दुसऱ्या कोणाला दिलं की रात्रीत चारदा बंद पडायचं. त्या वर्षी दिवाळीनंतर मागणी वाढली होती. मी त्याला रात्रपाळी दिली, पुढच्या आठवड्याला परत दिली, मग परत. सहा आठवडे. त्याने कधी नाही म्हटलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. अंतिम सामन्याच्या आधीच्या मंगळवारी सकाळी घरी येताना मोटरसायकलवर त्याचा डोळा लागला आणि तो दुभाजकावर गेला. गळ्याचं हाड मोडलं. हेल्मेट होतं म्हणून आज मागे बसून हसतोय. मी बघायला गेलो, फळं दिली, काळजी घे म्हटलं, आणि परत येऊन त्याच्या जागी कोणाला लावायचं त्याचं वेळापत्रक केलं. माझ्या डोक्यात त्या वेळी त्याहून जास्त काही आलं नाही. खोटं कशाला सांगू.

आलं ते शनिवारी, तो लाल रकाना बघितल्यावर. सोमवारी कामावर जाऊन मी त्याचं सहा आठवड्यांचं वेळापत्रक समोर घेतलं आणि मशीन बंद पडण्याची नोंदवही शेजारी ठेवली. चौथ्या आठवड्यापासून त्याच्याही पाळीत मशीन अडायला लागलं होतं. नोंद माझ्याच सहीची होती. म्हणजे इथे रकाना लपवलेला सुद्धा नव्हता.

त्याला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, ‘‘सर, मला वाटायचं तुमचा माझ्यावर विश्वास आहे म्हणून देताय.’’ विश्वास होताच. यावर मला काही बोलता आलं नाही.

हात गळ्यात बांधलेला, घरी बसून कंटाळला होता म्हणून तो लीगमध्ये आला. आठव्या संघाचे मालक बदली होऊन पुण्याला गेले होते, ती जागा त्याला दिली. पहिल्याच सामन्यात त्याच्या मुख्य गोलंदाजाने पाच षटकांत तीन गडी काढले आणि त्याने त्याला काढून घेतलं. सगळे फोनवर ओरडले. आबा सुद्धा ओरडले, जोडी मोडतोस म्हणून. त्याने ऐकलं नाही. वीस षटकांनी परत आणलं, आणखी दोन गडी. तो सामना तो हरला बरं का, अकरा धावांनी, त्यामुळे आबा अजून म्हणतात की काढायला नको होतं. ओव्हलला वाडेकरांनी काढलं होतं का, असं विचारतात. चंद्राची अठरा षटकं आणि माझी चौतीस यांतली रेघ नेमकी कुठे, यावर आमचं अजून एकमत नाही.

दमणुकीचा रकाना पुढच्या हंगामापासून उघडा ठेवायचा ठराव मी मांडला. मतदान झालं आणि ठराव पाच विरुद्ध तीनने पडला! विरोधात मत देणाऱ्यांत तो सुद्धा होता. म्हणाला, दिवा दिसला की कप्तान दिव्याकडेच बघतो, माणसाकडे बघत नाही. त्याऐवजी त्याची सूचना अशी की प्रत्येक कप्तानाला डावात तीन वेळा गोलंदाजाला ‘विचारण्याचा’ हक्क द्यावा. विचारलं की तक्ता खरं उत्तर देईल. ही सूचना मान्य झाली. तक्त्यात आता एक बटण आहे, त्यावर लिहिलंय ‘कसं काय?’ काकू ते बटण तिन्ही वेळा पंचविसाव्या षटकाच्या आत वापरून मोकळ्या होतात. मी दोनदा वापरतो आणि एक शेवटापर्यंत जपून ठेवतो, बहुतेक वेळा ते तसंच वाया जातं.

शिवलकर ३ मार्च २०२५ ला गेले. त्या शनिवारी आम्ही सामना ठेवला नाही. त्यांचा तक्ता पडद्यावर लावला आणि चहा घेतला.

तर नवा हंगाम अनंत चतुर्दशीनंतरच्या शनिवारपासून. दोन संघ रिकामे आहेत. क्रिकेट कळलं पाहिजे अशी अट नाही, काकू साक्षीला आहेत. लिलावासाठी यादी आयटीवाल्यांकडे मिळेल. नाडकर्णी आबा सोडणार नाहीत, त्यांच्या नादी लागू नका. आणि स्वयंपाकघरातून खूण आली आहे, पहिली पंगत बसतेय. शेवटच्या पंगतीचं काकूंनी आधीच बाजूला काढलेलं आहे, तेव्हा घाई करू नका.